सोफ्याची अट

भाऊराव रामटेके यांच्या घरात प्रेशर कुकरसुद्धा फायलीशिवाय शिरलेला नाही. आधी गरज लेखी मांडायची, मग तीन दुकानांतून तीन कोटेशनं आणायची, मग तिन्हींचा तुलनात्मक तक्ता, आणि तक्त्याखाली बायकोची मंजुरी. कुकर येईपर्यंत पंधरा दिवस वरण पातेल्यात शिजलं, पण फाईल मात्र बघत राहावी अशी झाली.

मंत्रालयाच्या खरेदी विभागात माणसाची एकोणीस वर्षं गेली की असंच व्हायचं. भाऊराव तेविसाव्या वर्षी नोकरीची परीक्षा पास होऊन पवनीहून दिल्लीला आले, आणि येत्या मार्चअखेर सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त होणार होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक टाचणीही वाकड्या वाटेने विकत घेतली गेली नव्हती. दिवाळीत पुरवठादार सुक्यामेव्याचे डबे आणून ठेवत आणि भाऊराव ते परत करून पोचपावती घेत. पोचपावती का, तर डबा आला होता आणि गेला, याला कागद हवा. हापिसातले लोक त्यांना तोंडावर 'रामटेके साब' म्हणत आणि पाठीमागे 'तीन कोटेशन'. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती. खरं सांगायचं तर दुसरंच जास्त आवडायचं.

आता खरेदी खात्यातलं एक पाप समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. खरा हुशार कारकून निविदा फोडत बसत नाही. तो अट घालतो. खुर्च्या घ्यायच्या असतील तर लिहितो, पाठीला तेरा भोकं असावीत. तेरा भोकांची खुर्ची अख्ख्या दिल्लीत एकच माणूस बनवतो, आणि तो कारकुनाचा साडू असतो. अशा अटी भाऊराव वासावरून ओळखत. लाल शाईने 'ही अट कशासाठी?' असं लिहून त्यांनी कित्येक फायली आल्या पावली परत पाठवल्या होत्या.

तर अशा माणसाने यंदाच्या जुलैत, स्वतःच्या घरी, स्वतःच्या मुलीविरुद्ध तेरा भोकांची अट घातली.

मुलगी एकुलती एक, श्रावस्ती. दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, मुनिरकात भाड्याच्या खोलीत दोन वर्षं राहून तिने एम.ए. केलं. जाताना बापाने शब्द दिला होता, पहिल्या वर्गात ये, मागशील ते घेऊन देतो. ती पहिल्या वर्गात आली. जानेवारीत हैदराबादला नोकरीवर रुजू व्हायचं होतं, म्हणून मधले सहा महिने मयूर विहारच्या घरी राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाबा, मला गेमिंग पीसी."

पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न सोफ्याचा होता.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा श्रावस्ती सहा वर्षांची होती, आणि भाऊरावांनी बाजारातून तिला टीव्हीला लावायचा एक स्वस्तातला गेम आणला होता. दोन वायरवाले रिमोट, एक बुटका शिपाई, आणि वाटेत खड्डेच खड्डे. हापिसातून आले की बूट काढायच्या आधी बापलेक सोफ्यावर. "बाबा, उडी! उडी मारा ना!" ती किंचाळायची, भाऊराव नेमकं चुकीचं बटण दाबायचे आणि त्यांचा शिपाई खड्ड्यात. मागे जेवणाच्या टेबलावर कुमुद, म्हणजे त्यांच्या सौ., शाळेच्या वह्या तपासत बसलेल्या असायच्या. भाऊराव रोज हरायचे आणि एवढं सुख त्यांना बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

मग क्वार्टर सोडलं, सोसायटीत स्वतःचं घर झालं, श्रावस्तीला स्वतःची खोली मिळाली आणि खोलीला दार होतं. आता परत आलेली मुलगी त्या दाराआड, कानांवर हेडफोनच्या दोन वाट्या लावून, मुनिरकाच्या मैत्रिणींशी लॅपटॉपवर खेळायची. भाऊराव संध्याकाळी चहा घेऊन दारावर टकटक करत, कप ठेवत आणि परत येत. त्यांना मुलगी शेजारी बसायला हवी होती. सहा महिने, त्यांतलेही पंधरा दिवस संपले होते. आणि हे तोंडाने सांगणं काही त्यांना जमत नव्हतं. छत्तीस वर्षं सगळं कागदावर मांडलेला माणूस, तोंडी निवेदनाची सवयच नव्हती.

हापिसात कुणीतरी माहिती पुरवली. गेमिंगचा कंप्युटर म्हणजे टेबल, खुर्ची एक, आणि खोलीचं दार बंद. कन्सोल, म्हणजे नुसता खेळायचा डबा, मात्र टीव्हीला लागतो, आणि टीव्ही हॉलमध्ये असतो. भाऊरावांनी तिथल्या तिथे ठरवलं की कन्सोलच आला पाहिजे.

"फाईल चालवावी लागेल," त्यांनी मुलीला सांगितलं.

"बाबा, यार! ऑनलाइन ऑर्डर करून टाकूया ना. पाच मिनिटांचं काम आहे. प्राइस सगळ्यांना दिसते तिथे."

"सगळ्यांना दिसते म्हणूनच संशय येतो," भाऊराव म्हणाले आणि फायलीचा नाडा शोधायला गेले.

घरच्या फायली ते मराठीत लिहीत. हापिसात सारी जिंदगी हिंदी-इंग्रजीत गेली, निदान घरच्या कुकरला तरी मायबोलीतून मंजुरी मिळावी, असं त्यांचं म्हणणं. या फायलीतही त्यांनी सुबक अक्षरात अटी लिहिल्या. सहावी अट केबलच्या लांबीची होती, आठवी वॉरंटीची. मधली सातवी अशी होती: 'साधन असे असावे की दोन व्यक्तींना एकाच सोफ्यावर बसून, एकाच पडद्यावर, एकाच वेळी खेळता यावे.' लिहिताना त्यांच्या कानशिलांना घाम आला. लबाडीची सवय नसली की असं होतं. लिहून झाल्यावर उगाचच दोन पेले पाणी प्याले.

मग ते कोटेशनं आणायला नेहरू प्लेसच्या कंप्युटर बाजारात गेले. पहिल्याच दुकानदाराने काचेच्या पेटीसारखा एक कंप्युटर सुरू करून दाखवला. आत पंखे फिरत होते आणि निळे-जांभळे दिवे लागत-विझत होते.

"ये बत्तियाँ किस काम की?" भाऊरावांनी विचारलं.

"अंकल, देखने में अच्छी लगती हैं."

"बिना बत्ती का दिखाइए. और कोटेशन पे मुहर चाहिए, तारीख़ के साथ."

दुकानदाराने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडा खरडून दिला. भाऊराव हलले नाहीत. पाऊण तास स्टुलावर बसून राहिले, तेव्हा त्या गृहस्थाने शेजारच्या दुकानातून लेटरहेड आणि शिक्का उसना आणवला. कंप्युटरची तीन, कन्सोलची तीन, अशी सहा कोटेशनं घेऊन भाऊराव मेट्रोने घरी परतले. त्यांनी तक्ता आखला. सातव्या अटीसमोर कंप्युटरच्या रकान्यात लिहिलं, 'अपात्र'. कन्सोलच्या रकान्यात, 'पात्र'. तक्ता कसा आरशासारखा लख्ख. एकच काम राहिलं होतं, शेवटच्या पानावरच्या प्रमाणपत्रावर सही. ते पान उघडून त्यांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ बसून राहिले आणि टोपण परत लावलं. पुढचे पाच दिवस हेच चाललं.

दुसऱ्या शनिवारी, सकाळचा उपमा झाल्यावर, फाईल कुमुदताईंसमोर आली. त्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका, त्यामुळे लाल पेन त्यांच्याकडेही होतं. चष्मा लावून त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. श्रावस्ती सोफ्याच्या हातावर बसून पाय हलवत होती. भाऊराव पंख्याकडे बघत होते.

"अहो," कुमुदताई म्हणाल्या, "ही सात नंबरची अट कशासाठी?"

भाऊरावांचा स्वतःचाच प्रश्न घरी परत आला होता.

"वापरकर्त्याच्या सोयीसाठी."

"वापरकर्ती एक आहे. मग व्यक्ती दोन कशा?"

"पाहुणे येतात."

"गेम खेळायला? आपल्याकडे मागच्या वर्षी तुमचे पवनीचे काका आले होते. पंच्याऐंशी वर्षांचे."

श्रावस्तीने फाईल ओढून घेतली आणि अट वाचली. "अच्छा! म्हणून माझा पीसी अपात्र? बाबा, पीसी पण टीव्हीला लागतो. एक केबल बस. दोन कंट्रोलर लागतात, चार पण लागतात. सोफ्यावर बसा, नाहीतर पलंगावर बसा."

भाऊरावांचा चेहरा पडला. एकोणीस वर्षं तांत्रिक विभागाचा अभिप्राय घेतल्याशिवाय त्यांनी साधा पंखा मागवला नव्हता, आणि इथे आयुष्यातली पहिली लबाडी करायला निघाले ते ऐकीव माहितीवर! तेरा भोकांची खुर्ची गल्लोगल्ली मिळत होती. चोरी करायलाही शिकावं लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हणजे पीसी पात्र," श्रावस्ती खुशीत म्हणाली. "चलो, साइन करा." तिने पानं उलटली आणि शेवटच्या पानावर थांबली. "बाबा, इथे तुमची सही नाहीये. बाकी सगळीकडे आहे." ती अक्षरं लावत वाचू लागली. "'सदर खरेदीत माझा कोणताही वैयक्तिक हितसंबंध नाही.' हितसंबंध म्हणजे काय?"

असल्या प्रमाणपत्रावर भाऊरावांनी हापिसात हजार वेळा न वाचता सही केली असेल. अर्थ सांगायची पाळी कधी आली नव्हती. दिल्लीत वाढलेल्या पोरीला असले शब्द येत नाहीत, याचा त्यांना एरवी राग यायचा. आज नुसती भीती वाटली.

"म्हणजे... इंटरेस्ट. अमुकच वस्तू आली तर आपल्याला स्वतःला काही मिळणार असेल, तर ही सही करायची नसते."

"मग तुम्हाला काय मिळणार होतं?"

भाऊरावांनी बंद टीव्हीकडे बघितलं. मग सोफ्याकडे. मग नाइलाज झाला.

"तू इथे बाहेर बसली असतीस," ते म्हणाले.

श्रावस्तीचे हलणारे पाय थांबले.

"बाबा, मग आत यायचं ना."

"येतो ना रोज. चहा घेऊन."

"चहा ठेवून जाता तुम्ही. बसत नाही."

"खुर्ची एकच आहे," भाऊराव म्हणाले.

तिने नाक ओढलं आणि डोळे भलतीकडे फिरवले. भाऊरावांनी फाईल आपल्याकडे घेतली, पेनाचं टोपण काढलं आणि यावेळी परत लावलं नाही. प्रमाणपत्रातला 'कोणताही' खोडला, 'नाही' खोडला, वर 'आहे' लिहिलं, खाली पूर्ण सही केली, तारखेसह. मग ते उठले.

"कुठे निघालात?" कुमुदताईंनी विचारलं.

"हितसंबंध असलेल्या अधिकाऱ्याने निर्णयाच्या वेळी बाहेर जायचं असतं. नियम आहे," असं म्हणून ते खरोखरच बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं.

बाल्कनीत पडदे वाळत होते. भाऊराव दोन पडद्यांच्या मध्ये उभे राहून खालची भाजीची गाडी बघू लागले. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा दोघी हसल्या. हसण्याने त्यांना धीर आला, आणि धीर आल्याची लाजही वाटली. दहा मिनिटांनी दार किलकिलं झालं, एक हात बाहेर आला आणि फाईल देऊन परत गेला.

तक्त्याखाली श्रावस्तीचं अक्षर होतं. मराठी लिहायची सवय गेलेली, वेलांट्या कशाही पडलेल्या. 'पीसी घ्यावा. पीसी माझ्या रूममध्ये नको, हॉलमध्ये ठेवावा, टीव्हीला लावावा. सात नंबरची अट चालू राहील. मैत्रिणींशी रात्री दहानंतर. त्याच्या आधी बाबा. कंट्रोलर दोन.'

भाऊरावांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. त्याखाली लाल शाईत कुमुदताईंचा शेरा होता. 'मंजूर.' पण वरचा 'दोन' त्यांनी लाल शाईने खोडला होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'तीन'.

सवय ती सवय. भाऊरावांचं पेन आपसूक समासात गेलं आणि त्यांनी लिहिलंही, 'तिसरा कशासाठी?' लिहून झालं आणि त्यांचा हात तिथेच राहिला. सरोजिनी नगरचा तो सोफा त्यांना आठवला, शिपाई आठवला, खड्डे आठवले. त्या खोलीत मागे एक टेबल होतं. टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता, आणि वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी त्या गठ्ठ्यामागून कुणीतरी या बापलेकीच्या दोन पाठी बघत बसलं होतं. 'तुला खेळायचंय का?' असं आपण एकदाही विचारलं नाही, हे भाऊरावांच्या आज ध्यानात आलं. आणि विचारलं असतं, तरी रिमोट दोनच होते.

"अहो," आतून हाक आली, "झाली का सही? दुपारनंतर नेहरू प्लेसला गर्दी होते. आणि एक लिहायचं राहिलं, सोफ्यावर मधली जागा माझी."

भाऊरावांनी समासातला आपला प्रश्न नीट, एका सरळ रेघेत खोडला. त्याच्या शेजारी सातवी-अ अशी नवी अट लिहिली, 'मधली जागा कुमुद यांची', आणि आत गेले.