बहिणीनं दिलेलं कारण

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे ताईच म्हणत. मालक तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी तोही ताईच म्हणे. सोळाव्या वर्षी ती तिथं लागली. वडील अचानक वारले होते, आईला दमा होता आणि धाकटा भाऊ सातवीत. तिनं शाळा सोडली आणि पुस्तकांचे फर्मे जुळवायला बसली. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, क्रमानं लावायच्या, दाभणानं भोकं पाडून शिवायच्या, खळ लावून पुठ्ठ्यात बसवायच्या. पुस्तक वाचायला तिला कधी फुरसत मिळाली नाही, पण एखादं पान उलटं लागलं असेल तर ते नुसत्या बोटांना कळायचं.

भाऊ शिकला. तिनंच शिकवला. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागला तेव्हा तिनं त्याचं नाव ‘पंडित’ ठेवलं, आणि पुढं त्याची बायकोही त्याला त्याच नावानं हाक मारायला लागली. लग्नानंतर तो दोन गल्ल्या सोडून राहायला गेला, पण रविवारी सकाळी बहिणीकडं हजेरी लावायचाच. चहा व्हायचा आणि वाद व्हायचा. वाद एकच. माणूस जे जे करतो ते स्वतःसाठीच करतो, याशिवाय दुसरी प्रेरणाच जगात नाही, असं त्याचं म्हणणं.

“आमच्याकडं कटिंग मशीनवर एक जण होता,” ती एकदा म्हणाली. “शेजारच्याचा हात पात्याखाली गेलेला बघून यानं त्याला ढकललं, आणि स्वतःची दोन बोटं घालवून बसला. त्यात त्याला कसलं आलंय सुख?”

“नसतं ढकललं तर जन्मभर टोचणी लागली असती. ती त्यानं टाळली.”

“अरे, एवढा हिशेब करायला त्याला वेळ तरी होता का?”

“मनाला वेळ लागत नाही, ताई.”

“म्हणजे वाचवलं तरी स्वार्थ, नाही वाचवलं तरी स्वार्थ. सगळ्या पुस्तकांवर एकच नाव छापलं तर कपाटातून हवं ते काढायचं कसं रे?”

तो खो खो हसला. “हे मी वर्गात सांगणार,” म्हणाला. सांगितलंही असेल, पण मत काही बदललं नाही.

आई अंथरुणाला खिळली ती सहा वर्षं. ताई सकाळी तिचं अंग पुसून, कपडे बदलून कामाला जायची आणि जेवणाच्या सुट्टीत धावत येऊन तिला भरवून परत जायची. पंडित यायचा, दारातल्या खुर्चीवर बसायचा, आईशी चार शब्द बोलायचा आणि निघायचा. त्याला तो वास सहन होत नसे.

आई गेली. पुढच्या आठवड्यात दोघं तिचं कपाट आवरत असताना ताईच्या तोंडून सहज निघालं, “सहा वर्षं कशी गेली कळलंच नाही बघ.” तेवढ्यावरून पंडित बोलायला लागला.

“तू आईसाठी नाही केलंस, ताई. तिला टाकलं असतंस तर तुला आरशात तोंड बघवलं नसतं. ते चुकवायला केलंस. यात कमीपणा काही नाही, सगळे असेच असतात.”

ताईच्या हातात आईचं स्वेटर होतं. तिनं त्याची नीट घडी घातली.

“मग तेवढ्यासाठी तरी,” ती म्हणाली, “तू एकदा करायचंस.”

त्यानंतर दोन वर्षं रविवारचा चहा बंद. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघंही पलीकडच्या दुकानाच्या पाटीकडं बघत.

मग भावजयीचा फोन आला. पंडितच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. भावजयीचा रक्तगट जुळत नव्हता, मूलबाळ नव्हतं. “ताई, मी तुम्हाला काही मागत नाही,” असं ती तीनदा म्हणाली आणि रडायला लागली. ताईनं हातातला फर्मा खाली ठेवला आणि कुठल्या हॉस्पिटलात यायचं ते विचारून घेतलं.

तपासण्यांत दीड महिना गेला. सगळं जुळलं. शेवटी तिला एका समितीपुढं बसवलं. लांब टेबल, पलीकडं तिघं, मधल्या डॉक्टरीणबाईंच्या समोर छापील अर्ज.

“कोणाचा दबाव आहे का?”

“नाही.”

“मग कशासाठी देताय?”

“तो माझा भाऊ आहे.”

“ते नातं झालं. मी कारण विचारतेय.”

ताईनं विचार केला. पस्तीस वर्षं ज्याच्याशी आपण याच प्रश्नावर भांडलो त्याच्याचसाठी आज कोणीतरी आपल्याला हे विचारावं, याचं तिला हसूही आलं नाही. “माझ्याकडं दोन आहेत,” ती म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. परवानगी मिळाली.

अडला तो पंडित. ऑपरेशनच्या कागदावर सहीच करेना.

डायलिसिसच्या खोलीत बारा पलंग होते, प्रत्येकाशेजारी गुरगुरणारं यंत्र. त्याचा चेहरा सुजून मातकट झाला होता. हातात जाड सुया खुपसलेल्या आणि त्यांतून त्याचंच रक्त बाहेर जाऊन परत आत येत होतं.

“मला नको,” तो म्हणाला. “तू आधीच माझं फार केलंयस. आणखी एक धोंडा गळ्यात बांधून मला जगायचं नाही.”

“धोंडा कसला?”

“प्रेमानं देतेस ना? मग मी ते फेडायचं कसं? आईच्या वेळी मी काय वागलो ते मला माहीत नाही असं वाटतं तुला?” त्यानं मान फिरवली. “सगळे स्वतःसाठीच करतात म्हटलं की निदान झोप लागते.”

ताईला तेव्हा कळलं की त्याचा सिद्धांत हे त्याचं पांघरूण होतं. ते काढून घेतलं तर हा माणूस थंडीनं मरेल. ती खुर्ची पुढं ओढून बसली.

“प्रेमाबिमाचं काही नाही,” ती म्हणाली. “मला तुला खाली मान घालायला लावायचंय. रोज सकाळी उठल्यावर तुला आठवलं पाहिजे की ताईचा तुकडा पोटात आहे, म्हणून आपण हिंडतोय. परत माझ्यासमोर तोंड वर करून बोलशील का? आईच्या कपाटापुढं जे बोललास ना, त्याचा सूड आहे हा. सगळं माझ्यासाठी चाललंय. तुझ्यासाठी काही नाही.”

पंडित तिच्याकडं बघत राहिला. मग हसला, इतका की यंत्र टीटी करायला लागलं आणि नर्स धावत आली.

“शेवटी आलीस ना रुळावर!” तो म्हणाला. “आण तो कागद.”

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी तो उठून बसला. ताई कुशीला हात धरून, भिंतीच्या आधारानं त्याच्या खोलीपर्यंत जाऊन आली. “तुझ्यासारखीच आहे ही,” तो पोटावर हात ठेवून म्हणाला. “सारखी कामाला जुंपलेली.” नवव्या दिवशी ताप चढला. शरीरानं परकी किडनी झिडकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी त्याची सगळी ताकद काढून घेतली होती. जंतू फुप्फुसात शिरले. एकोणिसाव्या दिवशी, दुपारी अडीचला, तो गेला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “किडनी मात्र शेवटपर्यंत उत्तम चालली.” त्यांना काहीतरी चांगलं सांगायचं होतं.

ताईला वजन उचलायला बंदी झाली. मालकानं तिला घड्यांच्या टेबलावर बसवलं, तेही अर्धा दिवस. हात चालत होते, पण आता मधेच पान उलटं लागायचं आणि शेजारची बाई काही न बोलता ते सरळ करायची.

दोन महिन्यांनी भावजयीनं तिला घरी बोलावलं. पंडितचे कपडे काढून ठेवायचे होते. दोघी पलंगावर समोरासमोर बसून शर्टांच्या घड्या घालत होत्या.

“शेवटच्या दिवसांत ते फार खुशीत होते,” भावजय म्हणाली. “सारखं म्हणायचे, ताईनं कबूल केलं बघ. मीच बरोबर होतो.”

ताईनं घडी घातलेला शर्ट ढिगावर ठेवला.

“ताई, तुम्ही त्यांना जे सांगितलंत... सहीसाठीच ना?”

“सहीसाठीच.”

भावजयीनं सुटकेचा श्वास सोडला. ताईच्या मांडीवर एक निळा शर्ट होता. त्याची बटणं ती एकेक करून लावत होती.

“पण बोलताना एकही शब्द शोधावा लागला नाही गं,” ती म्हणाली. “सूड म्हणाले, मान खाली घालायला लावीन म्हणाले, सगळं कसं भराभर तोंडात आलं. जुळवून ठेवल्यासारखं.”

“म्हणजे ते खरं होतं?”

“माहीत नाही. प्रेमही होतं. वाचायलाच हवा होता तो मला. पण दुसरंही असणार. काय जास्त होतं ते सांगायला आता तो नाही, आणि मला कळत नाही.”

भावजयीनं हातातली पँट बाजूला ठेवली. मग भावजय उठली, खिडकी लावून आली आणि म्हणाली, “त्यांचं हे स्वेटर तुम्ही घेऊन जा, ताई. तुम्हाला हल्ली थंडी वाजते.”