दुसऱ्या भागाचा दुभाष्या

समस्त निपाणीकरांना आणि कोगनोळीपासून चिकोडीपर्यंतच्या मुलखाला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ज्या सिनेमाचा पहिला भाग गावात कधी आलाच नाही, त्याचा दुसरा भाग पाहण्याचा मान आपल्या गावाने पटकावला होता. आणि त्या ऐतिहासिक खेळाला दुभाष्या म्हणून प्रस्तुत लेखक जातीने हजर होता. टाळ्या वाजवायची घाई करू नये.

पहिल्या भागावाचून आमच्या गल्लीचं काही अडलं नव्हतं. तो आक्कानं वाचून दाखवला होता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि ती विड्या वळायला बसली. दुपारी आमच्या अंगणात दहा-बारा बायका मांडीवर सुपं घेऊन बसायच्या. सुपात जर्दा, हातात कात्री, पुढ्यात भिजवलेली पानं. वळणारीचे हात गुंतलेले, पण कान मोकळे. म्हणून एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी वळायचं, अशी रीत पडली होती. वाचणारीचं काम अडू नये म्हणून प्रत्येकीनं आपल्यातल्या थोड्या विड्या तिच्या सुपात टाकायच्या. तो वाचणारीचा मान आक्काचा होता. शाळेनं जे दिलं नाही ते तिला त्या अंगणानं दिलं होतं. बायका तिला गमतीनं ‘बाई’ म्हणायच्या आणि ती ते गमतीत घ्यायची नाही.

वाचनालयातून तिनं एकदा परदेशातली एक जुनी, गाजलेली, मुलांसाठीची कादंबरी आणली, मराठी केलेली. एका मुलीचा धाकटा भाऊ तापानं जातो. ती त्याला शोधत वाऱ्याच्या राज्यात पोचते. तिथं काचेची राणी असते, बोलका घोडा असतो. घोडा बोलू लागला तेव्हा बायकांनी मानही वर केली नाही. रेड्यानं वेद म्हटलेल्या मुलखात घोड्याचं काय एवढं कौतुक? पण भाऊ सापडणार का, हे मात्र त्या रोज विचारायच्या. सगळ्यांत जास्त विचारायची ती समोरच्या घरातली मावशी. तिचा धाकटा असाच तापानं गेला होता.

शेवटाला आलो आणि मी पाहिलं, पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती. मी आक्काच्या शेजारीच अभ्यासाचं सोंग करत बसलो होतो. आक्का क्षणभरच थांबली. मग वाचनालयाच्या तारखांचा कागद चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर नजर ठेवून ती वाचू लागली. मुलीनं भावाचं बोट धरलं. दोघं घरी आली. भावानं दारातूनच हाक मारली, “आई, भूक लागलीया, भाकरी दे.” विलायतेचा पोरगा, आणि भाकरी! मी ओठ चावून हसू दाबलं. मावशी मात्र कात्री खाली ठेवून म्हणाली, “बाई, त्येवढं पुन्यांदा वाच गं.”

आक्कानं पुन्हा वाचलं, अक्षरही न बदलता. पुढं कितीतरी दुपारी त्या पुठ्ठ्याचं वाचन झालं.

मग मी बेळगावला कॉलेजात गेलो, इंग्रजी घेतलं, आणि सुट्टीत घरी येताना ते इंग्रजी छाती फुगवून आणू लागलो. अशाच एका सुट्टीत त्या गोष्टीच्या इंग्रजी सिनेमाचा दुसरा भाग आमच्या थेटरात लागला, रविवारी सकाळच्या खेळाला. साऱ्या अंगणानं जायचं ठरवलं.

आक्का म्हणाली, “न्हाय गं, पिक्चर नगं. पुस्तकच बरं.”

“व्हय, पर पुढं काय झालं ते बघाय नगं?” बायकांनी तिला ओढूनच नेलं. समजावून सांगायला मला घेतलं. एकीनं चिमटा काढलाच, “बघूया, कालेजवाला आमच्या बाईवाणी सांगतूय का.”

तो चिमटा मला लागला. कबूल करतो.

बायकांच्या बाकांमागं उभा राहून मी सुरुवात केली. पडद्यावर घर आलं. मुलगी आता मोठी झालेली. फळीवर लहान पोराचे बूट. ती ते हातात घेऊन आईशी काहीतरी बोलली आणि दोघी रडल्या.

मावशीनं मागं वळून विचारलं, “पोरगं कुटं हाय रं? काय म्हनती ती?”

आक्कानंही मागं पाहिलं. अंधारातही तिची नजर मला कळली. ‘शाळेला गेलाय’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी कॉलेजात शिकत होतो.

“त्यो परत आलाच न्हाय,” मी ठणठणीत आवाजात म्हणालो. “पहिल्या भागातच मेला. हिला आणता आला न्हाय.”

“मग बाईनं काय वाचलं?” पुढच्या बाकावरून कुणाचीतरी लहान पोर म्हणाली.

तेही मी सांगितलं. “पुस्तकाला शेवटची पानं नव्हतीच. तिनं मनानंच रचून सांगिटलं.”

पुढचा सिनेमा मी अख्खा समजावून सांगितला. काचेची राणी, वादळ, सगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका जमल्या. एकीनं नवं पुस्तक आक्काच्या पुढ्यात सारलं. “वाच की गं, बाई.”

“मला वाचाय येत न्हाय,” आक्का म्हणाली आणि तिनं कात्री उचलली. बायकांनी तिच्या सुपात विड्या टाकायला हात पुढं केले, तर तिनं सूप मागं ओढलं. त्या अंगणात नंतर कुणी वाचलं नाही. वर्षभरात तिची बोटं बाकीच्यांसारखी पिवळी पडली आणि ‘बाई’ म्हणणं आपोआप बंद झालं.

तीच सुट्टी संपवून मी बेळगावला निघालो तेव्हा मावशी तिच्या दारात उभी होती. मी जाता जाता म्हणालो, “मावशी, मी खरं तेच सांगिटलं की.”

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, “आमाला समद्यास्नी ठावं हुतं रं, मुडद्या! तू मोठ्यानं कशाला बोललास?”