पाच चिवण्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, नवऱ्यालाही नाही. बोलायला मला जमत नाही, चारचौघांत तर नाहीच. शिक्षण चौथीपर्यंतचं. पण लिहिता येतं — म्हणून लिहिते.

वडखळच्या पुढे खाडीकाठी आमचं गाव. कॉलेजातली एक मॅडम तिथे चिवण्यांचा अभ्यास करायला यायची. चिवणी म्हणजे खाडीतला वीतभर काटेरी मासा. मासे साफ करण्यात माझा हात चालतो, म्हणून तिने मला मदतीला घेतलं. ती प्रत्येक जिवंत चिवणीच्या पराचं टोक कापून नंबरच्या नळीत ठेवायची आणि तोच नंबर दोऱ्याने माशाला बांधायची. मासे बर्फाच्या पेटीत, माझ्या घरी. दुसऱ्या दिवशी मी पोट चिरायचं, तिने बघून वहीत लिहायचं — नर की मादी.

नवरा हसायचा. "पोट फाडलं की कळतं गो. त्याला कॉलेज कशाला?"

पण मॅडम म्हणायची, पराच्या त्या टोकातही ते कुठेतरी लिहिलेलं असणार. मला फार नवल वाटायचं. पर तर पोहायला — त्याला कसं ठाऊक, पोटात अंडी धरणार की नाही? मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, तेच तर शोधतेय." तेव्हापासून घरचे मासे साफ करताना मी एखादा पर उजेडात धरून बघते. काही दिसत नाही. तरी बघते — अजून.

आषाढात मुलगी रोह्याहून पहिल्या बाळंतपणाला आली. म्हणाली, "आये, चिवणीची गाभोळी खावीशी वाटते." बाजारात दोनदा जाऊन आले, पण अंड्यांनी भरलेली चिवणी मिळाली नाही; नवऱ्याच्या जाळ्यातही नाही. आणि घरात ती पेटी — फुगलेल्या पोटांच्या चिवण्यांची. मॅडमकडे मागितल्या असत्या तर तिने दिल्या असत्या. खरंच दिल्या असत्या. मागायला तोंड उघडलं नाही. पेटी उघडली.

पाच काढल्या. नवऱ्याने धरून आणलेल्यांतल्या, सपाट पोटाच्या पाच त्यांच्या जागी घातल्या. नंबरचे दोरे सोडून यांना बांधले. परांची टोकंही कापली — मॅडम कापायची तशीच, तिरकी. एवढं डोकं मला कुठून आलं?

दुसऱ्या दिवशी मीच त्या चिरल्या. पाचही नर. मॅडमने तसं लिहून घेतलं.

पुढल्या वर्षी ती आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. तिला एक खूण सापडली होती. सगळ्या माद्यांच्या परांत होती, नरांच्या नव्हती. फक्त पाच नर आडवे येत होते — त्यांच्या नळ्यांतही ती खूण होती.

मला लगेच कळलं. नळ्यांतली टोकं आम्ही खाल्लेल्या गाभोळीवाल्यांची होती. म्हणजे पर खरं सांगत होता! अंगावर काटा आला — भीतीने, आणि खोटं कशाला लिहू, आनंदानेही. सगळ्या जगात हे मला एकटीला ठाऊक होतं.

"मावशी, तेव्हा पेटीला कुणी हात लावला होता का?" तिने विचारलं. संशयाने नाही — थकून.

"नाय," मी म्हटलं.

"मग खूणच चुकीची," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर वहीत त्या खुणेवर काट मारली.