व्हर्नाचा पांढरा कोट

तव्यात सॉसेजची पांढरी ग्रेव्ही घट्ट होत आली होती. क्लेटन खुर्चीत बसून कामाच्या बुटांच्या नाड्या बांधत होता आणि व्हर्ना ओव्हनमधून बिस्किटांचा ट्रे काढत होती. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. केंटकीच्या या डोंगरखोऱ्यात दार कुणी ठोठावत नाही. अंगणातून हाक मारायची आणि सरळ स्वयंपाकघरात यायचं. ठोठावतो तो शेरीफ, नाहीतर परका.

दारात ऑर्विल होता. व्हर्नाच्या मावसबहिणीचा, रूथॅनचा नवरा. टोपी काढून हातात धरलेली.

"काय रे, सासुरवाडीला आलास का, ठोठावायला?" क्लेटन हसला. "ये, बिस्किटं गरम आहेत."

"नको. डॉक्टरीणबाईंकडे काम होतं जरा."

"कोण डॉक्टरीणबाई?" व्हर्ना म्हणाली. "वेड लागलंय का तुला? आत ये आधी."

पण ऑर्विल हसला नाही, तेव्हा तिने हातातला ट्रे खाली ठेवला.

व्हर्नाचा अर्धा जन्म नर्स म्हणून वॉर्डात गेला. खोऱ्यात मनाचा डॉक्टर टिकत नाही. येतो, डोंगर बघतो, परत जातो. म्हणून पन्नाशी उलटल्यावर तिनेच पुढचं शिक्षण घ्यायला घेतलं. ते पुरं झालं की मनाच्या रोग्यांना तपासायचं, त्यांच्याशी बोलून उपचार करायचे आणि औषधंही लिहून द्यायची, असं तिचं काम. आत्ता ती निम्म्यात होती. शेजारच्या काउंटीत, हेच शिक्षण पुरं केलेल्या ग्लेंडा नावाच्या जुन्या नर्सबाईंपाशी बसून रोगी बघायची. औषधावर सही मात्र ग्लेंडाची.

वसंतात कॉलेजने शिकाऊ मंडळींना समारंभाने पांढरे कोट घातले. इकडे चर्चच्या बायकांनी केकच करून ठेवला, त्यावर 'आमची डॉक्टर'. "अगं, अजून निम्मं राहिलंय!" व्हर्ना सांगत होती. पण केक कापताना कोण कुणाचं ऐकतं?

रूथॅनने तर मुळीच ऐकलं नव्हतं. ऑर्विल सांगत गेला तसतसं ते उलगडलं. तिची शहरातल्या दवाखान्यातली तारीख होती. "एवढं लांब कशाला? आपली व्हर्ना डॉक्टर झाली की आता," म्हणून ती गेलीच नाही. मग तिचं मन ताळ्यावर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या संपल्या. दवाखाना आता हिवाळ्यातली तारीख देतोय.

"झोपत नाही गं ती. गाते, रंगवते. काल खुराडं पिवळं केलं, आतल्या कोंबड्यांसकट." तो हसायला गेला आणि त्याचा आवाज फाटला. "दे ना लिहून. त्याच गोळ्या. नाव मला पाठ आहे."

नाव तिलाही पाठ होतं, मात्राही. तिने ग्लेंडाला फोन लावला.

"रक्त तपासल्याशिवाय लिथियम पुन्हा सुरू करायचं नाही, तुला माहीत आहे," ग्लेंडा म्हणाली. "न बघता मी सही करणार नाही. आणि ती तुझी बहीण आहे. तिच्या उपचारात तू नाहीस."

"या खोऱ्यात माझं कुणी लागत नाही असं कोण आहे, ग्लेंडा?"

पलीकडे ग्लेंडाने सुस्कारा सोडला. "ठाऊक आहे गं. पण ती झोपत नसेल तर आजच हॉस्पिटलात ने. बहीण म्हणून ने."

व्हर्ना ऑर्विलबरोबर त्यांच्या घरी पोचली तेव्हा रूथॅन पोर्चवर रंगाचा डबा घेऊन बसली होती. कोपरापर्यंत पिवळी.

"आली माझी डॉक्टर! बघ, ऑर्विलला तर घरातून हाकललंच पाहिजे, भिंती रंगवायच्यात, आणि गोळ्या आणल्यास? नकोच खरं तर, मी मस्त आहे, तू बारीक झालीस का गं?"

व्हर्ना तिच्याशेजारी बसली. गप्प बसून समोरच्याला बोलू द्यायचं, हे तिला शिकवलं होतं. इथे मात्र गप्प बसणाऱ्या माणसाला रुसलेला समजतात.

"माझ्यावर चिडलीस," रूथॅन म्हणाली.

"नाही गं. मला गोळ्या लिहिता येत नाहीत, रूथॅन. अजून नाही. हॉस्पिटलात जावं लागेल."

"तो कोट मग कशाला घातलास?"

व्हर्नाने तिचा रंगाने चिकट झालेला हात धरला. ऑर्विल गाडीपाशी पाठ करून उभा होता.

"ते मला आत ठेवतील."

"हो."

"तू येशील आत?"

"दारापर्यंतच सोडतात."

रूथॅनने कुंचला डब्यावर नीट आडवा ठेवला.

"मग दारातल्या नर्सबाईला एवढं सांग," ती म्हणाली, "की एरवी मी अशी नसते."