मागलं अर्धं
मोबाइलवर लेकीला कॉमिक दाखवताना माझा अंगठा मधल्याच पानावर थांबला. आष्टीच्या बाजारातून आणलेलं हेच कॉमिक मी आणि माझी मैत्रीण लिंबाखाली डोक्याला डोकं लावून वाचायचो. दिवाळी सरली की तिच्या घरचे ऊसतोडीला निघायचे. त्या साली ट्रॅक्टरवर चढायच्या आधी तिनं कॉमिक मधोमध फाडलं. "म्होरलं अर्धं तुला, मागलं मला. आल्यावर जोडू." मला रडू फुटलं, तशी म्हणाली, "रडती कावून? शेवट माझ्यापाशी हाय, म्हंजी मी येणारच की!" गुढीपाडव्याला ती आली, तेव्हा तिच्या पानांना उसाच्या पाचटाचा वास येत होता. आम्ही ती कणकेच्या खळीनं चिकटवली आणि मगच शेवट वाचला. "आई, सरकव ना पुढं," लेक म्हणाली. मी सरकवलं. शेवट लगेच आला, एकटाच.