डोहाळजेवणात भाकरी

सातव्या महिन्यात माझ्या रक्तात साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. "घाबरू नका. पण गोड बंद. थोडं थोडं, वेळेवर खा. डाळी, भाज्या, जेवल्यावर फिरणं. तरी आटोक्यात आलं नाही, तर इन्सुलिन."

भंवरकुआं भागातल्या एका कोचिंग क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवायचे. नाशिकहून लग्न होऊन इंदूरला आले, त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. सासर छत्रीबागेतलं, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. त्या घरात माया गोडातूनच दाखवायची पद्धत होती.

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर लोक फालतूमध्ये डरवतात. दो जणांचं खायचं असतं आत्ता."

मी वाद घातला नाही. आमच्याकडे दूध घालणारे भिया सांवेर गावचे, त्यांच्याकडून ज्वारी मागवली. भाकरी, मेथी, मटकीची उसळ माझी मीच करायला लागले. जेवण झालं की पोट सांभाळत गल्लीत चकरा मारायचे. बोटाला सुई टोचून मशीनवर साखर बघायचे आणि वहीत लिहायचे. सासूबाई रोज बघायच्या.

डोहाळजेवणाच्या दिवशी मला फुलांचे दागिने घालून पाटावर बसवलं. पुढे दोन झाकलेल्या वाट्या. मी एक उघडली, त्यात पेढा निघाला. पेढा म्हणजे मुलगा, म्हणून बायका खूश झाल्या. मावससासूबाईंनी तो उचलून थेट माझ्या तोंडापाशी आणला.

"मावशी, मी नाही खाणार."

"एकाने काय होतंय? शगुनाला ना नाही म्हणायचं."

"माझ्या बाळाला काय होतंय ते मला मशीनवर दिसतं," मी म्हणाले आणि पेढा त्यांच्या हातून घेऊन वाटीत परत ठेवला. मग पंचपक्वान्नांचं ताट बाजूला सारलं, सकाळीच भरून ठेवलेला माझा डबा उघडला आणि सगळ्यांसमोर भाकरी-उसळ जेवले. शेवटचा घास संपेपर्यंत उठले नाही.

स्वयंपाकघरात सासूबाई म्हणाल्या, "चार लोकांत इज्जत गेली आमची." नवरा हळूच म्हणाला, "मावशीला सॉरी म्हणून टाक ना." मी म्हटलं, "कशाबद्दल?"

तीन-चार दिवसांनी दुपारी मी साखर तपासत होते. सासूबाई समोर येऊन बसल्या आणि त्यांनी स्वतःचं बोट पुढे केलं. "माझी पण देख."

त्यांचा आकडा माझ्यापेक्षा कितीतरी वर होता. वर्षानुवर्षं पाय जळजळायचे त्यांचे, त्या सगळं उन्हाळ्यावर ढकलायच्या. दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून त्यांना दवाखान्यात नेलं. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना आत्ताच नको सांगू."

मला इन्सुलिन लागलं नाही. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. बाळंतपणानंतर माझी साखर जागेवर आली, सासूबाईंची मात्र गोळी सुरू झाली. आता तव्यावर आम्हा दोघींच्या भाकऱ्या पडतात. माझ्या करपतात, हे त्या रोज ऐकवतात.

मावससासूबाई बारशाला आल्या नाहीत. आमंत्रण मी स्वतः फोन करून दिलं होतं. माफी मागितली नव्हती, आणि अजूनही मागणार नाही.