पंख्यावरचं सोनं

नरपडच्या वाडीवर मी कामाला लागले तेव्हा बाईंची नजर पार गेली होती. पारशी बाई, ऐंशीच्या पुढच्या, मोठ्या घरात एकट्या. मी विवळवेढ्याकडच्या पाड्यावरची. बडबड मला शिकवावी लागली नाही. दारात कोण आलं, साडीवर कुठलं पोलकं जातं, गोळी पांढरी की पिवळी, सगळं माझ्या शब्दावर चाले. एवढा विश्वास माझ्या नवऱ्यानंही माझ्यावर कधी टाकला नाही.

बाईंच्या पणजोबांनी चीनहून जहाजातून आणलेली चिनी मातीची एक थाळी कपाटात होती. काठाला निळी वेलबुट्टी, मधे गुलाबी झग्यातली बाई, हातात सोनेरी पंखा, पायाशी कोंबडा. रोज चहाच्या वेळी बाई विचारत, "तिनं पंखा मिटला का ग?" मी म्हणे, "नाय बाई, उकडतंय तिला." दोघी हसायचो.

थाळी धुण्याचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आमच्याकडे भांडं घासायचं ते राखेनं आणि काथ्यानं, तोंड दिसेपर्यंत. तशीच दर आठवड्याला घासली. निळा रंग चकाकीच्या थराखाली होता, तो हलला नाही. सोनं आणि गुलाबी वरून बसवलेलं असतं, हे मला कोण सांगणार? दिवाळीच्या साफसफाईत नीट पाहिलं तर पंखा नव्हता आणि झग्याचे नुसते ठिपके उरले होते.

तरी मी मनाची समजूत घातली. आमच्या लग्नघरात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. पुढच्या लग्नाला भिंत सारवायची, चौक नव्यानं लिहायचा. जुना गेला म्हणून कुणी रडत नाही. डहाणूहून रंग आणून मी झगा भरलासुद्धा, पण पहिल्याच ओल्या फडक्यानं तो निघाला. मग नुसत्या जिभेवर भागवलं. "मिटला का पंखा?" "नाय बाई." आता त्या एकट्याच हसत.

नवरोजच्या सकाळी त्यांनी थाळी मांडीवर मागितली. मी दिली. आंधळ्या माणसाला काय कळणार, असं खरंच माझ्या मनात आलं, आणि त्याची लाज आजही वाटते. बोटं काठावरून मधे आली आणि थांबली. झग्याचा रंग बोटाला उंचवट्यासारखा लागायचा, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

"कधीपासून नाय ती?"

"दिवाळीपासून."

"अने तू मला रोज सांगत होती, ती आहे."

मी राखेचं सांगितलं, रडले, पाय धरले. "घासली त्याचा राग नाय, दीकरा," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यांनी मला काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी पडदा सारून मी म्हटलं, "बाई, उजाडलं." त्या उठल्या. भिंत धरत धरत खिडकीशी गेल्या, आणि ऊन लागतंय का ते पाहायला त्यांनी हात बाहेर काढला.